सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण? नाव सांगा, पण कारणासकट

बारावा_पडदा (धागाकर्ता)

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षं गिटार शिकतेय, सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली. परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, जगातला सगळ्यात भारी गिटारवाला कोण?" मी तोंडातला घास गिळायच्या आत सांगून मोकळा झालो, "जिमी हेंड्रिक्स." तिचा पुढचा प्रश्न, "का?"

आणि मी अडकलो. तीस वर्षं ऐकतोय. कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉकचा महोत्सव ऐकायला ठाण्याहून लोकलने जायचो, शेवटची गाडी चुकली तर स्टेशनवर रात्र काढायचो. एवढं सगळं करून "सगळे म्हणतात म्हणून" याच्या पलीकडे मला काही सांगता आलं नाही. मनाला लागलं ते.

याद्या हव्या तेवढ्या मिळतात. रोलिंग स्टोन मासिकाने २०११ साली एरिक क्लॅप्टनला दुसरं स्थान दिलं आणि २०२३ च्या यादीत त्यालाच पस्तिसावं. क्लॅप्टनने साठ-सत्तरच्या दशकांत जे वाजवून ठेवलंय ते या बारा वर्षांत बदललेलं नाही, यादी करणाऱ्यांची मोजपट्टी बदलली. म्हणून या धाग्यापुरती एकच अट घालतो: ज्याचं नाव घ्याल, त्याच्या आधी गिटारवर काय नव्हतं आणि त्याच्यामुळे काय आलं, ते लिहा. नुसतं "मला आवडतो" नको.

खर्जातला_ई

धागा आवडला. हेंड्रिक्सची बाजू मी घेतो. तुमचं उत्तर बरोबरच होतं, कारण फक्त राहून गेलं.

सप्टेंबर १९६६ मध्ये तो लंडनला आला आणि सप्टेंबर १९७० मध्ये तिथेच गेला, वय २७. म्हणजे जगाला त्याची जेमतेम चार वर्षं मिळाली. हयातीत स्टुडिओत केलेले अल्बम तीन.

माणूस डावखुरा. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) उलटी धरायचा, तारा मात्र काढून आपल्या क्रमाने लावलेल्या. याचा एक परिणाम लोक विसरतात. त्या गिटारचा घोडीजवळचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) तिरका बसवलेला असतो, गिटार उलटी झाली की त्याचा तिरकेपणाही उलटतो. जाड तारांचा आवाज घोडीच्या जवळून उचलला जातो म्हणून टोकदार येतो, पातळ तारांचा थोडा गोल. त्याच्या आवाजातली ती चव काही अंशी इथून आली.

दुसरं, अंगठा. हात मोठा होता, त्यामुळे अंगठा मानेवरून पलीकडे आणून सगळ्यात जाड तारेवरचा सूर तो अंगठ्याने दाबायचा. चार बोटं मोकळी. मग कॉर्ड धरलेली असतानाच तिच्या आतून सुरावट चालू राहते. ताल धरणारा आणि लीड वाजवणारा अशी दोन माणसं लागायची, ती एकाच हातात आली. शांत चालीची त्याची गाणी ऐका, लगेच लक्षात येईल.

आणि तिसरं म्हणजे फीडबॅक. स्पीकरसमोर गिटार धरली की बाहेर आलेला आवाज परत तारांना हलवतो आणि किंचाळी उठते. बाकीचे त्याला बिघाड समजायचे, याने त्याचा सूर केला.

निळी_सुरावट

थोडी दुरुस्ती. फीडबॅक हेंड्रिक्सच्या आधीही होता. बीटल्सच्या १९६४ च्या एका गाण्याची सुरुवातच त्याने होते. जेफ बेक आणि पीट टाउनशेंड हे इंग्लिश गिटारवादकही ते करत होते.

खर्जातला_ई

मान्य, "बाकीचे" हा शब्द मी सैल वापरला. पण फीडबॅकचा आवाज काढणं आणि तो हवा त्या सुरावर, हवा तितका वेळ धरून त्यातून चाल पुढे नेणं, यात फरक आहे. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत घ्या. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ, बरेचसे लोक घरी परतलेले. चाल पूर्ण ओळखू येते आणि मधेच ती फाटते, त्यात विमानं आणि बॉम्ब ऐकू येतात, मग पुन्हा चाल जिथे सोडली तिथून सुरू होते. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. स्वतः हा माणूस सैन्यात पॅराशूटच्या तुकडीत होता. एकही शब्द न उच्चारता त्याने ते सांगितलं. माझ्या मते गिटारवर ही गोष्ट आधी नव्हती.

निळी_सुरावट

ते मान्य. तरी माझं मत चार्ली ख्रिश्चनला.

१९३० च्या दशकातला जॅझ बँड डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मागे ड्रम. त्यात साधी गिटार म्हणजे वरातीत गुणगुणणारा माणूस. गिटारवाल्याने एकट्याने पुढे येऊन काही वाजवायचं, ही कल्पनाच व्यवहारात बसत नव्हती. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली; गिटार, वायर आणि अ‍ॅम्प मिळून १५० डॉलर, म्हणून ते नाव. ओक्लाहोमातून आलेला हा पोरगा ती घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला आणि सॅक्सोफोन जसा लांब श्वास घेऊन बोलतो तशी गिटार बोलायला लागली.

वीज लागली म्हणून आवाज मोठा झाला, हे कुणीही केलं असतं. मोठ्या आवाजात *काय* बोलायचं हे त्याने ठरवलं. एक एक सूर, लांब वाक्यं, ठोक्याच्या पुढेमागे पडणारा जोर. रात्री गुडमनचा कार्यक्रम संपला की हार्लेममधल्या मिंटन्समध्ये जाऊन पहाटेपर्यंत वाजवायचा. १९४१ मधली तिथली ध्वनिमुद्रणं आहेत, बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार जन्माला येताना ऐकू येतो त्यात. मार्च १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय २५. गुडमनकडे त्याला पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत.

बी. बी. किंग, वेस माँटगोमेरी, तिथून पुढे हेंड्रिक्स. एकट्याने उभं राहून विजेच्या गिटारवर सोलो वाजवणारा प्रत्येक जण याचं देणं लागतो.

तिसरा_ठोका

सगळे सोलोबद्दलच बोलताय. मी बँडमध्ये रिदम वाजवते, अकरा वर्षं झाली. मला एकाचंही नाव दिसेना म्हणून लिहितेय.

फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ ला आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत होता. पन्नास वर्षं. सोलो जवळजवळ नाहीच. अ‍ॅम्पही नाही. प्रत्येक मात्रेला एक आघात, चार मात्रा, पुन्हा चार मात्रा. आणि तरी त्या काळच्या वादकांना विचारलं तर त्या बँडचा झोका कुठून येतो याचं उत्तर त्याच्याकडे बोट दाखवून मिळायचं.

त्याचं तंत्र शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो अख्खी कॉर्ड वाजवत नव्हता. डाव्या हाताची बोटं तारांना नुसती टेकलेली, खरा दाब एखाद-दोन तारांवर. त्यामुळे ऐकू येतो तो ठोका आणि त्यात अडकलेला एक सूर. तो सूरही दर कॉर्डला थोडा सरकतो, म्हणजे खाली एक चाल तयार होते, जी कानाला जाणवते पण वेगळी काढता येत नाही. सहा तारा कचाकचा ओढणं फार सोपं आहे हो. एक तार धरून अख्ख्या बँडला पुढे ढकलायचं, यासाठी काय लागतं ते करून बघा.

धागाकर्त्याच्या अटीत बसवायचं तर: गिटार ऐकू न येताही बँड तिच्यावर उभा राहू शकतो, हे त्याने दाखवलं.

वेगवान_बोटं

एडी व्हॅन हेलन! १९७८, "इरप्शन", एक मिनिट बेचाळीस सेकंद. दोन्ही हातांची बोटं फ्रेटबोर्डवर, म्हणजे पडद्यांच्या पट्टीवर. टॅपिंग म्हणतात ते हेच. त्यानंतर जगातल्या प्रत्येक पोराने गिटारवर तेच करून बघितलं. गिटारही स्वतः जोडलेली: स्ट्रॅटसारखी बॉडी आणि त्यात गिब्सनचा पिकअप.

निळी_सुरावट

टॅपिंग जेनेसिस बँडचा स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्येच करत होता. पण तुम्ही शेवटी जे लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं आहे. घरी करवत-पटाशी घेऊन बसून एका कंपनीचं अंग आणि दुसऱ्या कंपनीचा आवाज एकत्र करायचा, ही वाट त्याच्यामुळे रुळली. नंतरच्या अनेक कंपन्यांच्या गिटारी त्याच घडणीच्या निघाल्या. वेग विसरून जा, हे कारण पुरेसं आहे.

कोलवाळचो_पाव

आमच्या गोव्यातून लिहितो. तुम्ही सगळे अमेरिका-इंग्लंडात फिरताय. ज्यांनी आपल्या कानांवर गिटार घातली त्यांना विसरू नका.

गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवायचे. मांडो (आमचं गोव्याचं गाणं) घरात व्हायचा तो व्हायोलिन, घुमट (मातीचं तालवाद्य) आणि गिटारवर. ती माणसं पुढे पोटासाठी मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडमध्ये लागली, तिथून सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. माझ्या आईचा चुलतभाऊ त्यातला. सकाळी आठला ताडदेवच्या स्टुडिओत, कागद समोर आला की वाचून वाजवायचा, संध्याकाळी पैसे घेऊन घरी. तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं. त्याचं कधीच नाही. आम्ही घरात गाणं लागलं की "हो आमचो मामा" म्हणायचो, एवढीच नोंद.

त्यामुळे मी दोन नावं देतो, दोघेही गोव्याचे नव्हेत. भूपिंदर सिंग, ज्यांना लोक गझलेसाठी ओळखतात. १९७१ मधलं "दम मारो दम" सुरू होतं ती गिटार त्यांची. आणि गोरख शर्मा, प्यारेलालजींचे भाऊ. १९८० च्या "कर्ज" मधली ती गिटारची सुरावट. त्या सिनेमात नायकाला मागचा जन्म आठवतो तो त्या सुरावटीमुळे, म्हणजे कथेची गाठच एका गिटारच्या ओळीवर बांधलेली. गिटार कधी हातात न धरलेला माणूस ती ओळ तोंडाने वाजवून दाखवतो. रिक्षावाला दाखवतो, भाजीवाली दाखवते. हे वुडस्टॉकच्या गिटारला जमलंय का?

खर्जातला_ई

कोलवाळचो_पाव, तुमचा शेवटचा मुद्दा मला खोडता येत नाही. मामांबद्दल अजून लिहा, जमलं तर वेगळा धागा काढा. ही माहिती कुठेच मिळत नाही.

अवांतर: मुंबईचा विषय निघालाच आहे तर, १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. तबला, सारंगी, व्हायोलिनं. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

जुनी_तबकडी

मी या संस्थळावर फार लिहीत नाही, वयाची सत्तरी उलटली आहे. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

पं. ब्रिजभूषण काबरा यांचं नाव अजून कसं आलं नाही? जोधपूरचे. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातात लोखंडी कांडी, आणि ती तारेवरून सरकवत जायची. त्याआधी आपल्याकडे हवाइयन गिटार होती ती सिनेमाच्या गाण्यांच्या चाली वाजवायला. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या आमच्या आळीत घरोघर होत्या, आणि गोड वाजवायचे ते. पण त्या वाद्यावर आलाप, जोड, झाला, विलंबित गत असं पूर्ण रागसंगीत मांडायचं, हे काबऱ्यांनी केलं. त्यासाठी चिकारीच्या, म्हणजे मधेमधे छेडायच्या साथीच्या तारा बसवून घेतल्या.

१९६७ ची "कॉल ऑफ द व्हॅली" ही तबकडी सगळ्यांना शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यामुळे माहीत असते. तिसरं नाव काबऱ्यांचं. तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि ती कल्पना कुणाची, तर एचएमव्हीतले आपले ग. ना. जोशी. होय, "रानारानांत गेली बाई शीळ" गाणारे तेच. पहाटेपासून रात्रीपर्यंत काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस, सकाळचा अहीर भैरव, शेवटी पहाडी. माझ्याकडची तबकडी इतकी वाजली की अहीर भैरवाच्या जागी आता खरखरच जास्त येते.

संतूर आणि बासरीच्या मधे ती गिटार कुठे येते ते लक्ष देऊन ऐका. संतूरला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) नाही, आघात आहे. बासरीला श्वास संपतो. गिटारच्या सुराला आस आहे, म्हणजे तो टिकून राहतो, आणि मींडही. दोघांच्या मधली जागा तिने भरली आहे.

वेगवान_बोटं

काका, आदर आहे, पण हे गिटारवादनात धरायचं का? पडदे वापरलेच नाहीत तर ते वेगळंच वाद्य झालं ना?

जुनी_तबकडी

तसं म्हणाल तर व्हायोलिनलाही पडदे नाहीत, पण आपल्याकडे ते मांडी घालून वाजवतात म्हणून कुणी त्याला वेगळं नाव दिलं नाही. वाद्य एकच, बसण्याची रीत वेगळी.

निळी_सुरावट

काकांच्या बाजूने आणखी एक. मांडीवर आडवी गिटार घेऊन लोखंडाने वाजवायची रीत हवाईतून आली, १८८० च्या दशकाच्या शेवटी, जोसेफ केकुकू या मुलाकडे त्याचं श्रेय जातं. ती जगभर फिरली, भारतातही आली. अमेरिकेच्या दक्षिणेत बाटलीचा गळा बोटात घालून ब्लूज वाजवणारे होतेच. त्यातला एक बुका व्हाइट. त्याच्याच नात्यातला बी. बी. किंग. बी. बी. ला तो स्लाइडचा आवाज हवा होता, पण स्लाइड काही जमेना. मग त्याने नुसत्या बोटाने तार दाबून मनगट थरथरवायला सुरुवात केली. ज्याला आज आपण बी. बी. किंगचा व्हायब्राटो म्हणतो तो असा आला. म्हणजे पडद्याच्या गिटारीवरची सगळ्यात ओळखीची खूण बिनपडद्याच्या आवाजाची नक्कल करताना सापडली.

आणि उलट्या दिशेने पाहा. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्लिश जॅझ गिटारवादक १९७५ मध्ये झाकीरभाई, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर "शक्ती" या बँडमध्ये वाजवू लागला तेव्हा त्याला मींड कमी पडत होती. त्याने गिटार मुद्दाम बनवून घेतली, पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून-ओढून लांबची मींड घेता यावी. वर तिरप्या सात तारा, तरफांसारख्या झंकारणाऱ्या. माझ्या यादीत ख्रिश्चननंतर हाच.

आंदालुसिया

मॅकलॉफ्लिन आलाच आहे तर ५ डिसेंबर १९८० च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या शेजारी बसलेला माणूस: पाको दे लुसिया. तिसरा अल डी मेओला. तिघं ध्वनिक गिटारी घेऊन. पाकोला जॅझ येत नव्हता, तो स्वतःच सांगायचा की सुरुवातीला या मंडळींबरोबर वाजवताना त्याची फार ओढाताण व्हायची. ती रेकॉर्ड ऐकून कुणालाही हे खरं वाटणार नाही.

फ्लामेंकोत गिटार ही गाणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या मागे बसायची. तिला एकटीने पुढे आणणारे पाकोच्या आधीही होते, पण त्याने ती मोठ्या सभागृहांत नेली. १९७५ मध्ये माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये फ्लामेंकोची गिटार वाजली, ती त्याची. पेरू देशात एका लाकडी खोक्यावर बसून ते वाजवणारे लोक त्याला भेटले, तो ते खोकं, काहोन, स्पेनमध्ये घेऊन आला. आज फ्लामेंको काहोनशिवाय कल्पनेत येत नाही, पण ते पन्नास वर्षांपूर्वी तिथे नव्हतं.

पाश्चात्य शास्त्रीय गिटारवादक सेगोव्हियाचं एका ओळीत: १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्याने बाखची चाकोन गिटारवर वाजवली, ज्या सभागृहांत हे वाद्य कुणी घेत नव्हतं तिथे नेलं. मला त्याचं वाजवणं पाकोइतकं भिडत नाही, पण त्याच्याशिवाय हा दरवाजा उघडला नसता.

तिसरा_ठोका

सिस्टर रोझेटा थार्प राहिली. १९३८ पासूनच्या तिच्या रेकॉर्ड आहेत, रॉक अँड रोल हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी ती गॉस्पेल गात विजेची गिटार त्याच ढंगाने वाजवत होती. मे १९६४ ची मँचेस्टरची चित्रफीत शोधा. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर ती, अंगावर लांब कोट, पाऊस पडून गेलेला. ती नेमकं पावसाचं गाणं म्हणते आणि सोलो घेते. बारावा_पडदा, तुमच्या मुलीला हे पहिलं दाखवा. मी चौदा वर्षांची असताना मला कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या क्लासमध्ये भिंतीवर बारा फोटो होते, बाराही पुरुषांचे.

बारावा_पडदा (धागाकर्ता)

आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर एक एक ऐकतोय आम्ही दोघं. थार्पची चित्रफीत चार वेळा पाहिली. ख्रिश्चन तिला पहिल्यांदा जुनापुराणा वाटला, मग मी निळी_सुरावटचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि पुन्हा लावला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी गिटारला बोलायची परवानगीच नव्हती." काबऱ्यांच्या गिटारला ती डोळे मिटून बसली होती, जुनी_तबकडी काका, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आता "कर्ज"ची ओळ वाजवते आणि खालच्या मजल्यावरून दाद येते.

पण ती अडकलीय बी. बी. किंगवर. त्याचा तो एक सूर, तार ओढून वर नेलेला आणि तिथे थरथरणारा, तो तिला हवाय. तीन दिवस प्रयत्न चाललाय. तिसरी तार सातव्या पडद्यावर दाबते, वर ढकलते, आणि सूर अर्ध्यातच राहतो किंवा बोट घसरतं. तारा दहाच्या सेटच्या (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंचाची) आहेत. बोटं लाल झाली म्हणून काल मी थांबवलं तर रडली. काय चुकतंय, कुणी सांगेल का?

तिसरा_ठोका

एकाच बोटाने ढकलत असेल. करंगळीशेजारचं बोट सुरावर, त्याच्या मागच्या पडद्यांवर मधलं आणि पहिलं बोट त्याच तारेवर टेकवायचं. तिघांनी मिळून ढकलायचं. अंगठा मानेमागे नको, वरून पलीकडे आणून पकडायला सांगा (खर्जातला_ई यांनी हेंड्रिक्सच्या अंगठ्याबद्दल लिहिलंय ना, तोच). बोटं सरळ करून ढकलायचं नाही, कुलपात किल्ली फिरवतो तसं मनगट फिरवायचं, बोटं नुसती धरून ठेवायची.

आणि आधी कान. नवव्या पडद्यावरचा सूर वाजवून ऐकायचा, गळ्याने गायचा, मगच सातव्यावरून तिथपर्यंत ओढायचं. कुठे पोचायचंय ते माहीत नसेल तर तार अर्ध्यात थांबणारच.

नऊचा, म्हणजे आणखी पातळ तारांचा सेट लावा. शिवाय सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या तर आणखी सैल पडतात, हेंड्रिक्सही बऱ्याचदा तशाच लावायचा. दिवसाला दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, त्वचा घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

जुनी_तबकडी

आधी गळ्याने गायचा, हे फार बरोबर सांगितलंत. आमच्या गुरुजींकडे तोच नियम होता.

बारावा_पडदा (धागाकर्ता)

नऊचा सेट आणला, तारा अर्धा सूर उतरवल्या. काल रात्री सातव्यावरून नवव्याचा सूर लागला. दहातून चार वेळा. थरथर अजून नाही.